माळरानावरून अँटवर्पला : दख्खनचे धावपटू आणि जागतिक क्रॉसकंट्री

क्रॉसकंट्री म्हणजे आखीव ट्रॅक सोडून रानातून, माळावरून, चढउतारांवरून धावायची लांब पल्ल्याची शर्यत. पायाखाली कधी गवत असते, कधी चिखल, कधी नांगरट. मध्येच ओढा किंवा कुंपणही लागते. कोणतेही दोन मार्ग सारखे नसल्याने या शर्यतीत वेळेचा विक्रम नोंदवत नाहीत. बघायचा तो फक्त क्रमांक. संघाचा निकालही क्रमांकांवरूनच लागतो. संघातल्या ठरावीक धावपटूंचे क्रमांक मिळवायचे आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. त्यामुळे एकटा अव्वल धावपटू संघाला तारू शकत नाही. पाचव्या-सहाव्या गड्याने शेवटच्या चढावर मागे टाकलेला एक प्रतिस्पर्धीही सुवर्णपदक फिरवू शकतो.

हा खेळ इंग्लंडमधल्या शाळांत वाढला. दोन-तीन मुले कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची आणि बाकीच्यांनी त्या कपट्यांच्या मागावर शेते तुडवत त्यांना गाठायचे, असा तो खेळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे क्लब निघाले. इंग्लंडची राष्ट्रीय स्पर्धा १८७६ साली लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात ठेवली, तेव्हा सगळे धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरवावी लागली. पुढल्या वर्षी ती नीट पार पडली. १८९८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या संघांत पॅरिसजवळ सामना झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, २८ मार्च १९०३ रोजी, स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पहिली आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा भरली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स असे चारच संघ उतरले होते. इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब पहिला आला, पुढल्या वर्षीही तोच जिंकला. १९०७ पासून फ्रान्सचा संघ येऊ लागला आणि १९११ ते १९१३ अशी सलग तीन वर्षे फ्रान्सच्या झाँ बुआँने स्पर्धा मारली. पहिल्या महायुद्धात ती बंद पडली. बुआँ तर १९१४ मध्येच रणांगणावर कामी आला. १९२० च्या वसंत ऋतूत बेलफास्टला ती पुन्हा सुरू झाली आणि स्कॉटलंडचा जेम्स विल्सन विजयी झाला. नाव आंतरराष्ट्रीय असले तरी तिचा व्याप अजून पश्चिम युरोपच्या एका कोपऱ्यापुरताच होता.

त्याच सुमारास पुण्यात वेगळेच काही घडत होते. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक मैदानी स्पर्धांना आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची मुले येत. अध्यक्षपदी होते सर दोराबजी टाटा. टाटांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते, तिथले मैदानी खेळ ते स्वतः खेळले होते आणि परतल्यावर मुंबईच्या शाळांमध्ये खेळ रुजवण्यासाठी त्यांनी खटपट केली होती. १९१९ च्या स्पर्धांत त्यांनी जे पाहिले, ते पुढे दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रातही त्यांना सविस्तर आठवत होते. स्पर्धकांना युरोपीय नियमांची माहिती नव्हती, प्रशिक्षण तर कोणी दिलेलेच नव्हते. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली ही मुले. दिवसाचे मुख्य आकर्षण होते लांब पल्ल्याची मॅरेथॉन आणि तिची वाट डोंगराळ, खडबडीत. मुले ती अनवाणी धावली. त्यांच्या वेळा पाहून टाटांच्या ध्यानात आले की युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या वेळांशी त्या ताडून पाहता येतील.

नाव मॅरेथॉनचे असले, तरी दगडगोट्यांतून आणि चढउतारांवरून काढलेली ती धाव क्रॉसकंट्रीच्याच जातीची होती. युरोपात ज्या खेळासाठी क्लब, गणवेश आणि नियमांची पुस्तके होती, तो इथे कोणी शिकवल्याशिवाय चालला होता.

टाटांनी नंतर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांना जिमखान्याच्या स्पर्धा पाहायला बोलावले. ही मुले ऑलिंपिकला पाठवावीत, ही कल्पना लॉईड यांनी उचलून धरली आणि आपले वजन खर्च करून ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत हिंदुस्थानाला प्रवेश मिळवून दिला. त्याआधी १९०० साली कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसला धावला होता आणि त्याने दोन रौप्यपदकेही मिळवली होती. पण तो एकटाच गेला होता. संघ म्हणून पाठवणी प्रथमच होत होती. पैशाचा प्रश्न होताच. सरकारने काही दिले, लोकवर्गणीतून काही जमले आणि टाटांनी स्वतःच्या खिशातूनही भर घातली.

निवड झालेल्यांत चार धावपटू आणि दोन मल्ल होते. धावपटूंत बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी पल्ल्याच्या शर्यतींसाठी. लांब पल्ल्यासाठी बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. बॅनर्जी सोडले तर सगळा संघ दख्खनच्या मातीतला होता. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात या सहा जणांच्या वाट्याला जेमतेम एखाद्या ओळीची नोंद येते. हॉकीच्या सुवर्णपदकांआधीचा काळ म्हणून तो प्रकरणाच्या सुरुवातीलाच आटोपला जातो. प्रत्यक्षात भारताच्या ऑलिंपिक इतिहासाचे दार उघडले ते या अनवाणी धावण्याने, हॉकीने नव्हे.

बोटीने संघ आधी इंग्लंडला आणि तिथून बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. महायुद्धाच्या खुणा शहरावर ताज्या होत्या, यजमानांना तयारीला वर्षभराहून थोडाच जास्त वेळ मिळाला होता. पावसाने धावपट्टी जड झाली होती. १४ ऑगस्ट १९२० ला उद्घाटन झाले. पाच कड्यांचा ऑलिंपिक ध्वज तिथे प्रथमच फडकला आणि खेळाडूंच्या वतीने शपथही प्रथमच घेतली गेली. हिंदुस्थानच्या संघाचा ध्वज बॅनर्जी यांच्या हाती होता. बॅनर्जी प्राथमिक फेरीतच बाद झाले, ट्रॅकवरच्या लांब शर्यतींतही हिंदुस्थानच्या कोणाला अंतिम फेरी गाठता आली नाही. सगळी भिस्त मॅरेथॉनवर होती.

ती झाली २२ ऑगस्टला. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर अजून सर्वत्र पक्के व्हायचे होते. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता आणि आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये तोच सर्वांत लांब ठरला आहे. दख्खनच्या उन्हात, मोकळ्या पायांनी धावणाऱ्या मुलांपुढे पावसाळी हवा आणि युरोपातला अनोळखी रस्ता होता. आघाडीवर चुरस होती ती दक्षिण आफ्रिकेचा गिटशॅम आणि फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन यांच्यात. पायाच्या दुखण्याने गिटशॅमला मार्गात शर्यत सोडावी लागली. कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पोहोचला. एस्टोनियाचा यूरी लोसमान त्याच्यामागे जेमतेम तेरा सेकंदांनी आला आणि तिसऱ्या आलेल्या इटलीच्या वालेरिओ आर्रीने शेवटची रेषा ओलांडून आनंदाने कोलांट्या मारल्या. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले धावत राहिले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. विजेत्यापेक्षा अठरा मिनिटांनी मागे.

या क्रमांकाकडे पदक हुकले एवढ्याच नजरेने पाहिले तर त्याची किंमत कळत नाही. चौगुले यांच्या पुढे धावणाऱ्यांत बहुतेकांच्या पाठीशी क्लब, प्रशिक्षक आणि वर्षानुवर्षांच्या शर्यती होत्या. कोलेहमाइनेनने आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमला पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि क्रॉसकंट्री अशी तीन वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली होती. चौगुले यांच्या पाठीशी जिमखान्याची वार्षिक स्पर्धा आणि काही आठवड्यांची तयारी होती. १९७६ साली शिवनाथ सिंग मॉन्ट्रियलला अकरावे येईपर्यंत, म्हणजे तब्बल छप्पन्न वर्षे, ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकाही भारतीयाला चौगुल्यांच्या पुढे जाता आले नाही. कुस्तीत रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. ऑलिंपिक पदकाच्या इतक्या जवळ त्याआधी हिंदुस्थानचा कोणताही मल्ल पोहोचला नव्हता. पुढे १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी ते मिळवले.

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी, २३ ऑगस्टला, ऑलिंपिकची क्रॉसकंट्री झाली. अंतर सुमारे आठ किलोमीटर. फिनलंडचा तेवीस वर्षांचा पाव्हो नुर्मी तीन दिवसांपूर्वी दहा हजार मीटर जिंकला होता. त्याला पाच हजार मीटरला हरवणारा फ्रान्सचा जोसेफ गिल्मोही शर्यतीत होता, पण त्याचा पाय खड्ड्यात पडून मुरगळला आणि तो बाहेर गेला. रानातली शर्यत दमाबरोबर नजरही तपासते, हे त्या एका खड्ड्याने दाखवून दिले. नुर्मीने २७ मिनिटे १५ सेकंदांत स्वीडनच्या एरिक बाकमनला थोडक्यात मागे टाकले. सांघिक सुवर्ण फिनलंडला आणि रौप्य ब्रिटनला मिळाले. बेलफास्टला आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री जिंकलेला जेम्स विल्सन ब्रिटनच्या या संघात होता, दहा हजार मीटरचे कांस्यही त्याचेच. या शर्यतीत हिंदुस्थानचा एकही धावपटू नव्हता. पक्का रस्ता आणि ट्रॅक या दोन्ही गोष्टी नवख्या असलेल्या मुलांना नेमक्या त्याच दोन ठिकाणी धावायला लावले गेले आणि ज्या शर्यतीची जमीन त्यांना सर्वांत ओळखीची वाटली असती, तिथे त्यांचे नावच घातलेले नव्हते. संघातले तिघे लांब पल्ल्याचे धावपटू होते. निदान एकाला तरी उतरवायला हवे होते.

चार वर्षांनी पॅरिसला क्रॉसकंट्री पुन्हा झाली, ती ऑलिंपिकमधली शेवटची. २३ जुलै १९२४ चा तो दिवस लांब पल्ल्याच्या इतिहासातला सर्वांत भीषण दिवस म्हणून सांगितला जातो. पारा चाळिशीच्या वर गेला होता. पंचेचाळीस अंशांचा उल्लेखही अनेक वृत्तांतांत आढळतो. भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात मे महिन्यात एवढे तापमान नेहमीचेच असते आणि अशा दुपारी तिथे शेतातला माणूसही झाडाची सावली धरतो. पॅरिसमध्ये त्याच उन्हात सुमारे साडेदहा किलोमीटरची शर्यत भर दुपारी सोडली. सीन नदीच्या काठाने जाणाऱ्या मार्गावर गुडघाभर गवत होते, जवळच्या वीजकेंद्राचा धूर मार्गावर येत होता. अडतीस जण सुटले आणि पंधराच पोहोचले. कोणी भोवंडून उलट दिशेने धावू लागले, कोणी स्टेडियमच्या आत येऊन कोसळले. स्पेनच्या एका धावपटूचे डोके पडून फुटले. फिनलंडचा लीमातायनेन शेवटच्या रेषेच्या काही पावले आधी थांबला आणि शर्यत संपली असे समजून मागे वळला. प्रेक्षकांनी ओरडून सांगितल्यावर तो अडखळत रेषेपर्यंत आला. त्याच्या येण्यामुळेच फिनलंडला सांघिक सुवर्ण मिळाले. नुर्मी मात्र दीड मिनिटाच्या आघाडीने, फारसा न दमता आला आणि दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतीतही धावला. त्यानंतर क्रॉसकंट्री ऑलिंपिकमधून गेली ती कायमची. दोष खेळाचा नव्हता, तो वेळ निवडणाऱ्यांचा होता. शिक्षा खेळाला झाली.

हिंदुस्थानात १९२० च्या संघामुळे संस्थांची पायाभरणी झाली. टाटा त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या सुरुवातीला दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा भरवून पॅरिससाठी संघ निवडला गेला आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष टाटाच होते. पण १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला हॉकीचे सुवर्ण आले आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. लांब पल्ल्याची धाव पलटणींच्या आणि पोलीस दलांच्या मैदानांवर टिकून राहिली. जिमखान्याच्या माळावर दिसलेल्या खेड्यातल्या मुलांना शोधून घडवायची सोय मात्र उभी राहिली नाही.

तिकडे युरोपात आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा हळूहळू फुगत होती. इंग्लंडचा जॅक होल्डन आणि फ्रान्सचा अलँ मिमून यांनी ती प्रत्येकी चार वेळा जिंकली. १९६० साली मोरोक्कोचा राडी बेन अब्देस्सलाम हॅमिल्टनला पहिला आला. आफ्रिकेच्या धावपटूने मिळवलेले हे पहिले विजेतेपद. काही महिन्यांनी रोमच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने ज्याला मागे टाकले, तो हाच राडी. चाळीस वर्षांपूर्वी दख्खनमधून निघालेली अनवाणी मुले जिथे पोहोचू शकली नाहीत, तिथे आफ्रिकेची मुले पोहोचली होती. महिलांची शर्यत नियमितपणे १९६७ पासून सुरू झाली आणि पहिली पाचही विजेतेपदे अमेरिकेच्या डोरिस ब्राऊनने घेतली. १९७२ साली केंब्रिजला जुन्या स्वरूपातली अखेरची स्पर्धा झाली. १९७३ पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ती आपल्याकडे घेतली आणि बेल्जियममधल्या वारेगेमला पहिली जागतिक क्रॉसकंट्री भरली.

दार जगाला उघडल्यावर स्पर्धेचा नकाशाच बदलला. १९८१ मध्ये माद्रिदला पहिल्यांदाच आलेले इथिओपियाचे धावपटू पुरुषांच्या शर्यतीत इतके पुढे होते की पहिले अनेक क्रमांक त्यांचेच दिसत होते, पण फेऱ्या मोजण्यात त्यांची चूक झाली. एक फेरी बाकी असतानाच शर्यत संपली असे समजून त्यांनी जोर लावला. गोंधळात वेळ गेला आणि वैयक्तिक सुवर्ण अमेरिकेच्या क्रेग व्हर्जिनने नेले. सांघिक विजेतेपद तरीही इथिओपियाचेच राहिले. १९८६ पासून केनियाने सलग अठरा वर्षे पुरुषांचे सांघिक विजेतेपद सोडले नाही. केनियाचे जॉन न्गुगी आणि पॉल टेर्गट यांनी प्रत्येकी पाच वेळा वैयक्तिक सुवर्ण मिळवले. इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेने तर २००२ ते २००६ अशी सलग पाच वर्षे लहान आणि लांब अशा दोन्ही पल्ल्यांची शर्यत जिंकली. २०११ पासून स्पर्धा दोन वर्षांतून एकदा घ्यायचे ठरले. हे वर्चस्व केवळ उंच पठारांच्या हवेने आलेले नाही. शाळेपासून जिल्ह्यापर्यंत आणि पोलीस-लष्करापर्यंत सतत भरणाऱ्या क्रॉसकंट्री शर्यतींची उतरंड त्यामागे आहे.

महाराष्ट्रात अशी उतरंड पूर्ण झाली नाही, तरी एक-दोन ठिकाणी तिचे तुकडे जुळले. पहिले ठिकाण नाशिक. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर आदिवासी पाड्यांतली आणि खेड्यांतली मुले घेऊन सराव सुरू केला. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच मैदानावर घडली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचे कांस्य घेतले. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळाले. लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले. तिच्यामागून चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव आली. मार्च २०१८ मध्ये चीनमधल्या ग्वीयांगला झालेल्या आशियाई क्रॉसकंट्रीत महिलांच्या आठ किलोमीटरच्या शर्यतीत संजीवनीने २८ मिनिटे १९ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. चीन आणि जपानच्या मुली तिच्या पुढे काही सेकंदांनीच होत्या. अँटवर्पला ज्या शर्यतीत उतरायची संधीच मिळाली नव्हती, त्या शर्यतीत अठ्ठ्याण्णव वर्षांनी मराठी खेड्यातली मुलगी आशिया खंडात तिसरी आली.

दुसरी वाट माणदेश आणि बीडकडून निघाली. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर क्रॉसकंट्री आणि मॅरेथॉनमधून अडथळ्यांच्या स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओला अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावल्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत जायला रोज सहा-सात किलोमीटरची वाट तुडवत असे. बारावीनंतर तो पाचव्या महार बटालियनमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि २०१५ मध्ये सेनादलाच्या क्रॉसकंट्रीत उतरला. तिथेच प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हेरले आणि स्टीपलचेसला नेले. ही निवड अचूक होती. अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेली तीन हजार मीटरची स्टीपलचेस म्हणजे ट्रॅकवर आणलेली क्रॉसकंट्रीच. २०१८ मध्ये साबळेने गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे १९९८ पासून तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता, तिथे त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य घेतले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. पुढल्या वर्षी हांगझूला त्याने आशियाई सुवर्ण मिळवले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत वेळ खाली आणली.

सावरपाडा, मोही, मांडवा ही गावे आणि १९१९ च्या जिमखान्यातल्या स्पर्धकांची गावे यांत फरक थोडा आहे. कोरडवाहू किंवा डोंगराळ जमीन, पायी चालायची शाळा, घरी पैशाची ओढ आणि जाणत्या माणसाची नजर पडेपर्यंत कोणालाच ठाऊक नसलेला दम. १९१९ मध्ये ही नजर टाटांची होती, नाशिकला विजेंद्र सिंग यांची, सेनादलात अमरीश कुमार यांची. मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत अशी किती मुले कोणाच्या नजरेलाच पडली नाहीत, याची नोंद कुठेही नाही. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धा सुरू होऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी भारताला तिथे अजून एकही पदक मिळालेले नाही.